चेहरा ओळखीचा, नाव आठवत नाही : डोनाल्ड क्रिस्पविषयी तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (१९४१) या चित्रपटाविषयी लिहिताना त्यातल्या बापाची, म्हणजे ग्विलिम मॉर्गनची भूमिका करणाऱ्या डोनाल्ड क्रिस्पचा उल्लेख आम्ही दोन ओळींत आटोपला. नागपूरकर वाचकांनी त्याबद्दल हक्काने तक्रार केली आणि प्रश्नही पाठवले. पन्नासेक वर्षं पडद्यावर राहिलेल्या, पण पोस्टरवर क्वचितच मोठ्या अक्षरांत आलेल्या या नटाला खरंच जास्त जागा द्यायला हवी होती. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

क्रिस्प स्कॉटलंडचा की इंग्लंडचा? एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरंच. (धरमपेठ)

लंडनचा. २७ जुलै १८८२ रोजी पूर्व लंडनमधल्या बो या भागात त्याचा जन्म झाला. मूळ नाव जॉर्ज विल्यम क्रिस्प. तो स्वतः मात्र स्कॉटलंडमधलं अ‍ॅबरफेल्डी हे आपलं गाव आणि १८८० हे आपलं जन्मवर्ष सांगत राहिला. मुलाखती घेणाऱ्यांनी ते तसंच छापलं, कोशकारांनी मुलाखतींवरून उचललं, आणि पुढच्यांनी कोशांवरून. त्यात पडद्यावर तो स्कॉटिश माणूस इतका सहज उभा करायचा की शंका यायला जागाच नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या पराक्रमाच्या गोष्टीही त्याच्याच तोंडच्या आहेत, तेव्हा त्याही त्याच मापाने मोजाव्यात.

या काळातल्या नटांविषयी वाचताना एक क्रम पाळा. आधी जन्माची नोंद आणि जनगणना, मग जहाजाची प्रवासी यादी, त्यानंतर त्या त्या वर्षाची वर्तमानपत्रं, आणि सगळ्यांत शेवटी स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने लिहिलेलं चरित्र. बहुतेक चुका हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात.

१९०६ साली तो अमेरिकेत गेला. गाता गळा होता, म्हणून आधी ऑपेराच्या मंडळीत शिरला. मग न्यूयॉर्कमध्ये नाटककार-निर्माता जॉर्ज कोहनकडे रंगमंच व्यवस्थापनाचं काम केलं. तिथून दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ काम करत असलेल्या बायोग्राफ या चित्रपट कंपनीत आणि तिच्याबरोबर कॅलिफोर्नियात. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये (१९१५) जनरल ग्रँट झालेला नट तोच. तो चित्रपट वंशद्वेषाने भरलेला आहे, हेही सोबत सांगायला हवं.

‘ब्रोकन ब्लॉसम्स’ (१९१९) मोबाइलवर पाहिला. क्रिस्पचा मुष्टियोद्धा सारखा झटके देत फिरतो, डोळे वटारतो, तोंड काळपट दिसतं. याला अभिनय कसा म्हणायचा? (महाल)

तुम्ही जे पाहिलंत त्यातला निम्मा दोष चित्रपटाचा नाही, तो दाखवणाऱ्याचा आहे. तो वेगळा काढल्याशिवाय नटाबद्दल मत बनवू नका.

आधी वेग. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवत. साधारण सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम (फिल्मवरची सुटी चित्रं). प्रत्यक्षात १६ ते २० आणि पुढे त्याहूनही जास्त. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम हा वेग कायमचा ठरला, कारण आवाजाची पट्टी कमीजास्त वेगाने फिरवली की आवाज बिघडतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये फुटाला १६ फ्रेम बसतात. त्यामुळे १००० फुटांचं रीळ १६च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं आणि २४च्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. दीडपट वेगाने चालणारा कोणताही माणूस झटके देतानाच दिसणार.

तुमच्या प्रतीत असं झालंय का, हे घरी तपासता येतं. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवायची सोय असते. टेबलावरून, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरवरून एखादी वस्तू खाली पडते असा प्रसंग शोधा. इतकं अंतर पडायला ०.३९ सेकंद लागतो, मग वस्तू लंडनची असो वा नागपूरची. सेकंदाला २४ फ्रेम दाखवणाऱ्या फाइलमध्ये हे पडणं सुमारे ९ फ्रेममध्ये झालं तर वेग बरोबर आहे. ६ फ्रेममध्ये उरकलं तर मूळ चित्रण १६च्या आसपासचं आहे; प्लेअरचा वेग ०.६७ करा. ७ फ्रेम आल्या तर ०.७५, आठ आल्या तर ०.८३. दोनतीन वेगळे प्रसंग मोजा, कारण कॅमेरामनचा हात दिवसभर एकसारखा चालत नसे. मोजताना दर दुसरी किंवा तिसरी फ्रेम आधीच्या फ्रेमसारखीच दिसली, तर प्रत काढणाऱ्याने वेग आधीच सुधारला आहे. अशा फाइलला हात लावू नका, नाहीतर माणसं पाण्यातून चालल्यासारखी होतील. वेग कमी केल्यावर वरून जोडलेलं संगीत ओढल्यासारखं होतं, तेव्हा आवाज बंदच करा.

आता काळपट चेहरा. त्या वेळची नेहमीची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा आणि हिरवा रंग दिसे, लाल दिसत नसे. त्यामुळे लाल ते काळं, निळं ते पांढरं. गोऱ्या कातडीवरची लाली डागासारखी उतरे, ओठ काळे पडत, निळे डोळे रिकामे वाटत. हे टाळायला नट चेहऱ्यावर ग्रीजपेंटचा जाड थर देत आणि ओठांना लाल रंग बेतानेच लावत. लालही दाखवणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आली आणि १९२८ साली मॅक्स फॅक्टरने तिच्यासाठी वेगळी रंगभूषा काढली. शिवाय मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या प्रती कितव्या तरी नकलेवरून काढलेल्या असतात. प्रत्येक नकलेत मधल्या करड्या छटा गळतात आणि उरतात फक्त काळं आणि पांढरं.

हे सगळं वजा करून तो कपाटाचा प्रसंग पुन्हा पाहा. त्याची मुलगी झालेली लिलियन गिश आत कोंडलेली आहे आणि क्रिस्प कुऱ्हाडीने दार फोडतोय. त्याचा राग तोंडापेक्षा खांद्यांत आणि हनुवटीत आहे. भूमिका भडक आहेच, ती तशीच लिहिली आहे. पण हालचालींवर नटाचा पूर्ण ताबा आहे. खुपतं ते दुसरंच : चिनी नायकाच्या भूमिकेत गोरा रिचर्ड बार्थलमेस आहे, आणि कोणताही वेग लावला तरी ते आज खुपतंच.

तो दिग्दर्शकही होता म्हणतात. मग सोडलं का? (रामदासपेठ)

होता, आणि बराच काळ. ‘रमोना’ (१९१६) त्याने दिग्दर्शित केला. ‘डॉन क्यू, सन ऑफ झोरो’मध्ये (१९२५) डग्लस फेअरबँक्सला दिग्दर्शन करताना डॉन सेबास्टियन ही खलभूमिकाही स्वतःच केली. सगळ्यांत प्रसिद्ध नाव ‘द नेव्हिगेटर’ (१९२४) : विनोदी नट बस्टर कीटनबरोबर संयुक्त दिग्दर्शन. कीटनला गंभीर प्रसंग सांभाळणारा माणूस हवा होता, आणि क्रिस्पला विनोदी प्रसंगच सुचवायचे होते. ती जोडी पुढे टिकली नाही. त्या चित्रपटात जहाजाच्या गोल खिडकीबाहेर झुलणारं एका उग्र माणसाचं चित्र पाहून कीटन घाबरतो. तो चेहरा क्रिस्पचाच आहे. खिडकी आली की थांबवून पाहा.

१९३०च्या ‘द रनअवे ब्राइड’नंतर त्याने दिग्दर्शन केलं नाही. बोलपटात त्याच्या आवाजाला मागणी होती. शिवाय चित्रपटांना कर्ज द्यायचं की नाही हे ठरवताना बँक ऑफ अमेरिका त्याचा सल्ला घेत असे. कॅमेऱ्यामागे आणि पुढे दोन्हीकडे काम केलेल्या माणसाला खर्चाचा अंदाज असतो. बँकेला तोच हवा होता.

आमची हौशी मंडळी ऐतिहासिक नाटक बसवते आहे. ‘द व्हायकिंग’मधल्या क्रिस्पसारख्या भरघोस मिशा लावायच्या आहेत. नागपूरच्या उकाड्यात चिकटून राहतील का? (त्रिमूर्तीनगर)

राहतील, पण घाई केलीत तर दुसऱ्या अंकात हातात येतील. त्या काळची पद्धत आजही तीच आहे : क्रेपचे (म्हणजे रंगभूषेसाठी मिळणारे) केस आणि स्पिरिट गम, म्हणजे ते कातडीवर चिकटवायचा डिंक.

क्रेप वेणी घातलेल्या दोरीसारखा मिळतो आणि सुटल्यावर कुरळा असतो. आदल्या रात्री लागेल तेवढा सोडवा, पाण्यात भिजवा, दोन टोकांना ताणून बांधा आणि वाळू द्या. पूर्ण सरळ करू नका, हलकी लाट राहू द्या. अगदी सरळ केस दुरून काथ्यासारखे दिसतात. एकच रंग घेऊ नका. मूळ रंगात थोडा फिका आणि थोडा गडद मिसळून बोटांनी पिंजा.

नटाने त्याच दिवशी दाढी केलेली हवी, पण गम लावायच्या निदान दोनतीन तास आधी, नाहीतर कातडी चुरचुरते. चेहरा धुऊन कोरडा करा आणि वरचा ओठ सर्जिकल स्पिरिटने पुसा. चिकटवायच्या जागी फाउंडेशन लावू नका. मिशा सुटण्याचं पहिलं कारण हेच असतं : गम कातडीला नाही, तेलकट रंगाला धरतो आणि घाम आला की रंगासकट निघतो.

गमचा पातळ थर द्या. अर्धा ते एक मिनिट बोटाने टपटप करा. बोट उचलताना धागा सुटायला लागला की तो तयार. ओला असतानाच केस लावले तर ते घसरतात आणि वाळल्यावर तिथे पांढरट चकाकी दिसते. केसांच्या छोट्या बटा घ्या, टोक तिरकं कापा आणि ते टोकच गममध्ये दाबा. मिशीला ओठांच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करून नाकाखाली या. दाढी असेल तर हनुवटीच्या खालून वर. नाकाखालच्या बरोबर मध्यभागी खोलगट जागा मोकळी ठेवा, नाहीतर बोलताना मिशी ताणली जाऊन तिथूनच उचकटते. किंचित ओल्या सुती कापडाने ३० सेकंद दाबून धरा. दहा मिनिटांनी हलकेच ओढून पाहा, सुटे केस गळू द्या आणि मगच कात्री लावा. रंगभूषेचा बाकीचा हात त्यानंतर.

घामासाठी : विंगेत टिश्यू ठेवा आणि नटाला टिपायला सांगा, पुसायला नाही. कडा उचकटलीच तर त्याच जागी नवा गम थापू नका; आधी स्पिरिटने जुना काढा. प्रयोगानंतर मिशी ओढून काढायची नाही, गम रिमूव्हर किंवा खोबरेल तेल कडेने मुरवत सोडवायची. आदल्या दिवशी कानामागे गमचा थेंब लावून बघा. ज्याला पुरळ येतं त्याच्यासाठी जाळीवर विणलेली मिशी आणि दुतर्फी टेप घ्या.

जुन्या पुस्तकांत जखमेच्या व्रणासाठी कोलोडियन सुचवलेलं असतं. तो वाळताना कातडी आत ओढतो, म्हणून व्रण हुबेहूब दिसतो. पण त्यात ईथर असतं, ते चटकन पेट घेतं, आणि डोळ्यांजवळ तर ते लावूच नये. हौशी मंडळींनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

बोलपट आल्यावर हॉलिवूडमध्ये इतके ब्रिटिश चरित्र अभिनेते एकदम कुठून आले? (सिव्हिल लाइन्स)

रंगभूमीवरून. १९२७ ते १९३०च्या दरम्यान स्टुडिओंना वाक्यं स्पष्ट म्हणणारी माणसं तातडीने हवी होती. मायक्रोफोन एकाच जागी असे, नटाने मान वळवली की शब्द हरवे, आणि स्टुडिओतले कार्बनचे दिवे सूं सूं करत. शेवटचा शब्द न गिळता वाक्य पूर्ण करायची सवय रंगभूमीच्या नटाला असते. झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक करणाऱ्या कलावंताला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय त्या दशकात हॉलिवूड इंग्लंडच्या इतिहासावर आणि साम्राज्यावर भरमसाट चित्रपट काढत होतं, म्हणून न्यायाधीश, कर्नल, डॉक्टर आणि बिशप यांची मागणी कायम असे. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये (१९३६) क्रिस्प कर्नल कॅम्पबेल आहे. त्यातला हिंदुस्थान कॅलिफोर्नियात उभारलेला आणि इतिहास बराचसा रचलेला, पण क्रिस्पचा कर्नल खरा वाटतो.

क्रिकेटप्रेमी नागपूरकरांसाठी आणखी एक नाव : सी. ऑब्रे स्मिथ. भरघोस भुवया आणि ताठ कणा असलेला, ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’मधला (१९३७) कर्नल झाप्ट. हा माणूस आयुष्यात एकच कसोटी खेळला, मार्च १८८९ मध्ये पोर्ट एलिझाबेथला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, तीही इंग्लंडचा कर्णधार म्हणून. आणि पहिल्या डावात १९ धावांत ५ बळी घेतले. १९३२ साली त्याने हॉलिवूड क्रिकेट क्लब काढला. बोरिस कार्लोफ, म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस, त्या क्लबातर्फे खेळे. कार्लोफही लंडनचाच, आणि त्याच्या घराण्याचं नातं हिंदुस्थानाशी होतं.

क्रिस्पचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत? (लक्ष्मीनगर)

यादी पाठ करण्यात अर्थ नाही, सहासात पुरेत. ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ वर सांगितलेल्या वेगाने. मग ‘द ब्लॅक पायरेट’ (१९२६), ज्यात तो मॅकटॅव्हिश नावाचा एका हाताचा स्कॉटिश माणूस आहे आणि चित्रपट दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये आहे. लाल आणि हिरव्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमा दोन पातळ फिल्मवर उतरवून त्या पाठीला पाठ लावून चिकटवत. प्रोजेक्टरच्या उष्णतेने अशी फिल्म कधी इकडे, कधी तिकडे फुगायची, पडद्यावरचं चित्र धूसर व्हायचं, आणि दोन्ही बाजूंना थर असल्यामुळे ओरखडेही दुप्पट पडायचे. ‘द व्हायकिंग’मध्ये (१९२८) रंग एकाच फिल्मवर छापले गेले आणि ती कटकट मिटली. त्यात क्रिस्प व्हायकिंग दर्यावर्दी लीफ एरिक्सन आहे. दोन्ही पाठोपाठ पाहा. निळं आकाश शोधू नका, दोन रंगांत ते बसत नाही.

मग ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’ (१९३५), ‘द लाइफ ऑफ एमिल झोला’तला (१९३७) वकील लाबोरी, आणि त्यानंतर ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’. इथे थांबून पाहायला हवं. वेल्समधलं खाणगाव मालिबूजवळच्या डोंगरात उभारलं होतं, कारण युद्धामुळे तिकडे जाणं शक्य नव्हतं. खाणीतून परतलेला बाप आणि मुलगे दारात बसलेल्या आईच्या ओच्यात मजुरी टाकतात, तो प्रसंग बघा. क्रिस्प जवळजवळ काहीच करत नाही. घरातली सत्ता त्याच्या थांबण्यात आहे. तोच बाप मोठ्या मुलांशी कामगार संघटनेवरून वाद होऊन ती उठून गेल्यावर धाकट्या मुलाबरोबर जेवणाच्या टेबलाशी उरतो, तेव्हा त्याच थांबण्यात हट्ट दिसतो. १९१९चा कुऱ्हाडवाला आणि हा बाप एकाच नटाचे आहेत, आणि मधल्या बावीस वर्षांत तो काय काय गाळत गेला ते या दोन प्रसंगांत मोजता येतं. याच भूमिकेसाठी २६ फेब्रुवारी १९४२ रोजी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. तेव्हा सहायक नटांना बाहुली देत नसत, फलक देत. त्याच्या हातात बाहुली असलेलं त्या रात्रीचं छायाचित्र कुणी पाठवलं तर शंका घ्या.

नंतरच्यांपैकी ‘लॅसी कम होम’ (१९४३) मुलांबरोबर पाहा : गरिबीमुळे मुलाची लाडकी कुत्री विकावी लागलेला बाप. शेवटचा चित्रपट ‘स्पेन्सर्स माउंटन’ (१९६३). २५ मे १९७४ रोजी, ९१व्या वर्षी तो गेला.

घरात १६ मिलिमीटरच्या फिल्मचे ४०० फुटांचे चार डबे सापडले. एकावर ‘लॅसी’ लिहिलं आहे. आंबट वास येतो. काय करावं? (इतवारी)

आधी घाबरू नका. जुनी पेट घेणारी नायट्रेट फिल्म ३५ मिलिमीटरची असते. १६ मिलिमीटरची फिल्म सुरुवातीपासून सुरक्षित ॲसिटेटवर निघाली. वास व्हिनेगरचा आहे. उष्णता आणि दमट हवेने ॲसिटेट कुजतं, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि बंद डब्यात तेच आम्ल उरलेली फिल्म खातं. वासाचे डबे बिनवासाच्या डब्यांपासून लगेच वेगळ्या खोलीत न्या.

डब्यांत पूर्ण चित्रपट नाही. १६ मिलिमीटरमध्ये फुटाला ४० फ्रेम, म्हणजे ४०० फूट ११ मिनिटांत संपतात. चार डबे ४४ मिनिटं. ‘लॅसी कम होम’ ८९ मिनिटांचा आहे. तेव्हा हा एकतर संक्षेप आहे, नाहीतर निम्मे डबे हरवलेत.

प्रोजेक्टरवर चढवण्याआधी आक्रसलेपण मोजा. चांगल्या अवस्थेतल्या १६ मिलिमीटर फिल्मचा तुकडा शेजारी ठेवून १०० छिद्रं जुळवत जा. शंभराव्या छिद्राशी पूर्ण एका छिद्राचा फरक पडला तर फिल्म एक टक्का आक्रसली आहे. ती चढवली की दाते छिद्रं फाडतील. अर्ध्या छिद्राच्या पुढे फरक असला तरी चढवू नका, थेट स्कॅन करून घ्या.

तोवर माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते. डेझर्ट कूलरच्या खोलीतही नको. गारवा मिळतो, पण हवा ओली होते. एसी असलेल्या खोलीत, जमिनीपासून उंच, आडवे, हवा जाईल अशा प्लास्टिकच्या डब्यांत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर दोन झिपच्या पिशव्यांत बंद करा आणि बाहेर काढल्यावर रात्रभर पिशवी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरेल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहिताना डब्यावरचा मजकूर, फिल्मच्या कडेवर छापलेली अक्षरं आणि चिन्हं, आवाजाची पट्टी आहे की नाही आणि आक्रसलेपणाचा आकडा, इतकं कळवा. कडेवरच्या चिन्हांवरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते त्यांना काढता येतं.